मागच्या वर्षीची पट्टी

मावशी, आधी यमुनाबाईंचं नाव घेते. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे. समोरच्या चाळीतल्या, दवाखान्यात आयाचं काम करून घरी बसलेल्या, नळावर तुमच्याशी वर्षानुवर्षं भांडलेल्या यमुनाबाई. त्या दिवशी त्यांनी मला अर्धा तास मिळवून दिला. दारात उभं राहून, पदर खोचून, सगळ्या मंडळीला थांबवून मिळवून दिला. तो मिळाला नसता तर तुमच्याशी असं बोलायला मला तोंड उरलं नसतं.

आता काय झालं ते. नाताळ होऊन चार दिवस झाले होते आणि सकाळी तुम्ही गेलात. दारावर नाताळची कागदी चांदणी तशीच होती. ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं त्या घरावर चांदणी लावायची नाही, हे तुम्हीच मला सांगितलेलं. पण आधी लावलेली असेल आणि मग माणूस गेलं तर काय करायचं, ते विचारायचं राहिलं. मी नुसता बल्ब बंद केला. कागद अजून वाऱ्यानं फडफडतोय. रात्री वाटतं कुणीतरी कापड फाडतंय.

पाळकसाहेबांनी दफनाच्या वेळी वाचायला चार ओळी मागितल्या होत्या, जन्म कुठला, शिक्षण कुठं, पाठीमागं कोण. त्या मी लिहून दिल्या. केडगावच्या मिशनात वाढल्या, दौंडला रेल्वेतल्या माणसाशी लग्न झालं, एक मुलगी रूथ, नागपूरला नर्स. त्यात खोटं काही नाही, पण त्यात तुम्हीही नाही. आणि मला जे सांगायचंय ते मंडळीसमोर वाचण्यासारखं नाही.

मी कवठ्याहून तुमच्याकडं कामाला आणि राहायला आले तेव्हा वीस वर्षांची होते. नवऱ्यानं सोडलेलं, माहेरी भावाचं घर, परत जायची सोय नाही. सहावीतून शाळा सुटलेली. शिवण येतं असं मी तुम्हाला सांगितलं, ते अर्धं खोटं होतं. गोधडीला टाके घालता येत होते, बस. पहिल्याच डिसेंबरात तुम्ही मला एका मुलीच्या पांढऱ्या साटिनच्या फ्रॉकच्या बाह्या कापायला दिल्यात. माप आठ. मी टेप घेतला, खूण केली, कापलं. टेपच्या एका अंगाला इंच असतात आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटली. बाह्या निघाल्या बाहुलीच्या. नाताळ तोंडावर, तसं साटिन दौंडात दुसरं नाही. मी पिशवीत कपडे भरायला लागले.

तुम्ही त्या दोन तुकड्यांकडे बघितलंत, खांद्यावर ठेवून बघितलंत, खाली लेसची झालर लावलीत आणि त्या मुलीच्या आईला सांगितलंत की यंदा पुण्यात अशाच आखूड बाह्या चालल्यात. पुढच्या आठ दिवसांत तिघी जणी तसल्याच बाह्या मागत आल्या. तुम्ही मला म्हणालात, "सुलू, तुझ्या चुकीची फॅशन झाली. आता प्रत्येक वेळी होईल असं समजू नकोस."

त्याच आठवड्यात तुम्ही पट्ट्या सुरू केल्यात. माझ्यासाठी. जुन्या वर्तमानपत्राची लांब पट्टी कापायची, ती बाईच्या अंगाला लावायची आणि कात्रीनं खाच मारायची. एक खाच छातीची, एक कंबरेची, एक मुंढ्याची, खालच्या टोकाला बाहीची. वर नाव. आकडा कुठंच नाही. मग ती दोऱ्यात ओवून भिंतीच्या खिळ्याला. सव्वा, पाव, पाऊण यांची मला जी भीती होती ती तुम्ही एका वर्तमानपत्रात मिटवलीत. बाजारातले टेलर हसायचे, मावशींच्या खिळ्याला अर्धं दौंड टांगलंय म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, टांगू द्या, खाली तर पडत नाही.

आकड्याशिवाय मी पोटाला लागले. हे उपकार मी तुम्हाला कधी बोलून दाखवले नाहीत. आपल्याकडं बोलून दाखवायची पद्धत नाही. तुमच्यात प्रार्थनेत तरी म्हणता येतं, आमच्यात तेही नाही.

डिसेंबर म्हणजे पांढऱ्या कापडाचा महिना, हे मला तुमच्याकडं आल्यावर कळलं. आधी सहा तारखेला दादरला जाणाऱ्या बायकांचे पांढरे ब्लाऊज, ते संपतात न संपतात तोच नाताळचे फ्रॉक, गाणाऱ्या बायकांच्या साड्यांचे ब्लाऊज, रविवारच्या शाळेतल्या देवदूतांचे झगे. गांधी चौकातला कापडवाला म्हणायचा, बाबासाहेब आणि येशू दोघं मिळून माझा पांढरा गठ्ठा संपवतात. देवदूतांचे पंख पुठ्ठ्याचे आणि कापसाचे. एका वर्षी एका देवदूतानं स्टेजवर पंखातला कापूस उपटून शेजारच्या मेंढपाळाच्या नाकात घातला होता. मेंढपाळांची घोंगडी मात्र खरी असायची, भीमेकाठी बसलेल्या धनगरांकडून तुम्ही दोन दिवसांसाठी मागून आणायचात आणि ती परत करताना आत करंज्या बांधून द्यायचात. पुठ्ठ्याचे डबे हातात घेऊन तीन राजे यायचे. तुम्ही दरवर्षी माझ्या कानात म्हणायचात की एका राजानं तरी लंगोट आणले असते तर मरियेला उपयोग झाला असता.

मशीनवर बसल्या बसल्या तुम्हाला असलंच काहीबाही सुचायचं. गव्हाणीतल्या बाळाला ज्यात गुंडाळलं ते कापड कुणी शिवलं असेल? मग आपणच उत्तर द्यायचात. शिवलं नसणार, नुसतं फाडलं असणार. म्हणजे पहिला नाताळ टेलरशिवाय झाला. मी म्हणायचे, म्हणूनच निवांत झाला. तुम्ही तोंडात दोरा धरून हसायचात.

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. प्रत्येक ब्लाऊजच्या शिवणीत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, सोडायचा तुमचा नेम. मी म्हणायचे, कापड वाया जातं, आजकाल कुणी इतकी सोडत नाही. तुमचं म्हणणं, माणूस भरत जातं, उद्या उसवून वाढवता आलं पाहिजे. यंदा नोव्हेंबरात मी चिडून म्हणाले होते, "मावशी, माणसं नुसती भरतच जातात का? आटत न्हाईत?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मशीन चालू ठेवलंत. मला वाटलं, जिंकले.

आता मला त्या गप्प राहण्याचा अर्थ लागतो.

पहिली खूण यमुनाबाईंनी दिली होती आणि आपल्या दोघींनाही ती कळली नाही. डिसेंबर लागला तशी ती बाई नळावर तुमची घागर आधी लावायला लागली. तुम्ही घरी येऊन माझ्यापाशी तक्रार केलीत. "ही कशी काय सुधारली? काहीतरी हवं असणार हिला." चार दिवसांनी तिनं तुमची घागर उचलून दारापर्यंत आणली, तेव्हा तर तुम्ही दुखावलात. भांडणाशिवाय पाणी भरायची तुम्हाला सवय नव्हती.

जेवण कमी झालं होतं. सोडा पिऊन ढेकर काढायचात आणि म्हणायचात, करंज्यांच्या सारणाच्या वासानंच पोट भरतं. बांगड्या कोपराकडं सरकायच्या. मी बघत होते. पण डिसेंबरात आपण एकमेकींकडं बघतो कुठं? कापडाकडं बघतो.

बाकीच्या बायकांचे ब्लाऊज झाल्यावर शेवटी तुमचा. तो दरवर्षी मीच शिवायचा, हा तुमचा मान नव्हे, माझा. मी कात्री-कागद घेऊन नवं माप घ्यायला उठले. तुम्ही म्हणालात, "माझी पट्टी आहे की खिळ्याला. एवढ्या घाईत कशाला?" मी मागच्या वर्षीची पट्टी काढली आणि तिच्यावर कापला. दौंडातल्या कुठल्याही टेलरनं टेप लावला असता, आकडा बघितला असता आणि दचकला असता. मी पट्टी लावली. पट्टी काही सांगत नाही, ती नुसती मागच्या वर्षीची मावशी जपून ठेवते.

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमधून आल्यावर तुम्ही तो घालून बघितलात. गाणाऱ्या दोघी जणी त्यांचे ब्लाऊज न्यायला आल्या होत्या. खांदे उतरले. पाठीवर कापड पोत्यासारखं पडलं. दोघी बघत राहिल्या. तुम्ही लगेच पदर घेतलात आणि हसून म्हणालात की सुलूनं घाईत दुसरीच कुणाची तरी पट्टी उचलली. मी म्हणाले, "व्हय, चुकलं माझं."

त्या गेल्यावर मी उसवायला हात पुढं केला. तुम्ही ब्लाऊज काढून घडी घातलीत.

"राहू दे. जानेवारीत मी परत भरेन."

"मावशी, डॉक्टरकडं जाऊ."

"नाताळ होऊ दे. अजून अकरा फ्रॉक आहेत. मग तू म्हणशील तिथं येते. तोवर रूथला काही बोलायचं नाही. बोललीस तर बघ."

दुपारी आपण एसटीडी बूथवर फोन करायला गेलो. नेहमीसारखा रविवारचा फोन. तीन पायऱ्या चढून तुम्ही बाहेरच्या बाकावर टेकलात आणि मला म्हणालात, लाव तू, मी दम घेऊन येते. रूथताईंनी उचलला. इकडचं तिकडचं झालं, सुट्टी मिळत नाही, नव्या वर्षालाच येते म्हणाल्या. मग विचारलं, "आई कशी आहे? खरं सांग, सुलू. मागच्या फोनला आवाज खोल वाटला."

काचेतून तुम्ही माझ्याकडं बघत होतात.

मी म्हणाले, "बऱ्या हायेत. कामाची घाई, बाकी काय न्हाई."

मावशी, आता जे लिहिते त्यासाठीच ही वही उघडली. मी तुमच्या धाकानं गप्प राहिले, असं मी चार दिवस स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. त्या काचेच्या खोलीत, लाल आकडे पळत असताना, माझ्या मनात पहिल्यांदा तुमचा विचार आलाच नाही. मनात आलं, आता खरं सांगितलं तर ताई उद्या गाडीत बसतील, मावशींना नागपूरला घेऊन जातील, दाराला कुलूप लागेल, आणि मी कुठं जाऊ? आधी ते आलं. तुमचा धाक मग आला. मी तुमचं आयुष्य आणि माझं छप्पर तराजूत घातलं असं म्हणणार नाही, इतका वेळच मिळाला नाही. पण तोंडातून जे निघालं ते भीतीनं निघालं, आणि ती भीती माझ्यासाठी होती.

बाहेर आल्यावर तुम्ही माझा हात दाबलात. तुम्हाला वाटलं, मी शब्द पाळला.

नाताळला तुम्ही तोच ब्लाऊज मागून दोन पिना लावून घातलात, वर शाल. चर्चमध्ये सगळ्यांना भेटलात. यमुनाबाईंच्या घरी पहिल्यांदाच तुम्ही स्वतः करंज्यांचं ताट घेऊन गेलात, आणि परत आल्यावर म्हणालात की बाईनं चहा बरा केला होता, साखर जास्त. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण तुमच्या तोंडून यमुनाबाईंबद्दल निघालेलं हे एकच बरं वाक्य आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही उठला नाहीत. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि मला विचारलं, किती दिवसांपासून? मी बोटं मोजायला लागले. ते म्हणाले, हे आत्ताचं नाही, महिन्यांचं आहे, पंधरा दिवस आधी आणलं असतं तरी... आणि ते पुढच्या खाटेकडं गेले. ते वाक्य मी रोज पुरं करते. कधी असं, कधी तसं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, दोन्ही बाजूंनी शिवून बघ, कुठली बाजू सुलट ते कळेल. मला कळत नाही.

मी रूथताईंना तेव्हा फोन केला. त्या पोचल्या तेव्हा तुम्ही ओळखत होतात, पण बोलत नव्हतात. त्यांनी हात धरला, मनगट बघितलं आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. नर्सला सांगावं लागत नाही.

सकाळी तुम्ही गेलात, आणि घरी आणल्यावर यमुनाबाईंनीच तुम्हाला आंघोळ घातली. जन्मभर वॉर्डात हेच केलं, मला शिकवू नका, म्हणाल्या. मग नाताळची पांढरी साडी निघाली आणि तो ब्लाऊज. एक बाई म्हणाली, मागून पिना लावा, आता कोण बघतंय. बाहेर पेटी आली होती, पाळकसाहेब उभे होते, उन्हं चढत होती. मी कोपऱ्यात होते. माझ्या तोंडून नुसतं "पिना नको" असं काहीतरी निघालं.

यमुनाबाईंनी माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"हिला अर्धा तास द्या."

बाहेर कुजबूज झाली. मयताच्या घरात मशीन चालवतात का, असं कुणीतरी म्हणालं. त्या चौकटीला हात लावून म्हणाल्या, "तिचंच मशीन हाय. तिच्याच कामाला चालतंय. ज्याला घाई आसंल त्यानं पुढं जाऊन खड्डा बघावा."

मी वर्तमानपत्र घेतलं. पट्टी कापली. तुमच्या थंड अंगाला लावली, छाती, कंबर, मुंढा, बाही, आणि खाचा मारल्या. खाचा सरळ आल्या. मग ब्लाऊज उसवला. आत तुमची दोन बोटं माया होती, मीच सोडलेली, कुरकुरत सोडलेली. ती मी कापली नाही. आत दुमडली, नव्या मापावर टीप मारली आणि कापड होतं तेवढं आत राहू दिलं. रूथताई उंबऱ्यापाशी बसून बघत होत्या. 

तुम्हाला तो नीट बसला, मावशी. खांदा खांद्यावर, कंबर कंबरेवर. एवढंच मला तुमच्यासाठी करता आलं, आणि तेही उशिरा.

नागपूरला परत जायच्या आदल्या दिवशी रूथताई खोलीत आल्या. म्हणाल्या, "फोनवर तू बरी आहे म्हणालीस." मी नाही म्हणाले नाही, कारणही सांगितलं नाही. खिळ्यावरून मागच्या वर्षीची पट्टी काढली, नवी तिच्याशेजारी ठेवली. दोन्हींच्या खाचांमध्ये चार बोटांचं अंतर. ताईंनी त्यावर बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग मागच्या वर्षीची पट्टी घडी करून पर्समध्ये घातली आणि नवी माझ्याकडं सरकवली. खोली तूच ठेव, मशीनही, एवढं म्हणाल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नव्हती. ज्या छपरासाठी मी खोटं बोलले ते त्यांनी मला असंच देऊन टाकलं, आणि तेव्हापासून त्या छपराखाली मला नीट झोप लागत नाही.

काल मी यमुनाबाईंकडं गेले. सगळं सांगितलं, काचेच्या खोलीतलंसुद्धा. वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे पोरी, वेळ आली होती. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. चहा गाळत म्हणाल्या, "घागर उचलताना तिचा हात बघितला तवाच मला कळलं व्हतं. वॉर्डात असले लई हात बघितलेत मी. पण आमचं भांडाण, मी कशी बोलू? तू गप राहिलीस, मीबी गप राहिले. आता हे वझं दोघींनी मिळून वागवायचं."

चहात साखर खरंच जास्त होती.

निघताना माझ्या ध्यानात आलं की आपल्या खिळ्याला अर्धं दौंड टांगलंय, पण यमुनाबाईंची पट्टी नाही. नळाच्या भांडणापायी त्यांचा सहा तारखेचा पांढरा ब्लाऊज कायम बाजारात शिवला गेला. मी म्हणाले, तुमचं माप घेते. त्या म्हणाल्या, "ह्या वयात कुठं मिरवायचं मला? सर तिकडं." आणि दार लावून घेतलं.

तर मावशी, तुमच्यापाशी एक कबूल करते. त्या अर्ध्या तासाची फेड मी करीन. आज नाही जमली, त्या हात लावू देत नाहीत. पण येत्या डिसेंबराच्या आत त्यांचा पांढरा ब्लाऊज मी शिवीन, आत दोन बोटं माया सोडून, न कुरकुरता. आणि दरवर्षी माप नव्यानं घेईन. जुनी पट्टी कितीही हाताशी असली तरी नव्यानं. ज्या वर्षी खाच आत सरकेल, त्या वर्षी मी दोन्ही पट्ट्या त्यांच्यासमोर धरीन आणि तोंडावर सांगीन, मग त्यांनी मला नळावर कितीही शिव्या घातल्या तरी.